पहिल्या पसंतीचं वजन

आमच्या ऑनलाइन वाचकगटात कविता आणि पुस्तक-परीक्षणांची निवड मी पाहते. तिथं एक गोष्ट मला सतत खुपते. नावाजलेल्या सदस्याच्या चार ओळींवर लगेच पसंतीचे अंगठे उमटतात आणि नव्या मुलीची नेटकी कविता न वाचताच खाली सरकते.

आधी उमटलेल्या पसंतीमागे वाचक जातात, हा नुसता माझा समज नाही. लेव्ह मुच्निक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांच्या एका संकेतस्थळावर केलेला प्रयोग २०१३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. लाखभर प्रतिक्रियांमधून काही निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून त्यांना एकेक कृत्रिम पसंती दिली गेली. तेवढ्यानं पुढच्या वाचकाकडून पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली; अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. मुद्दाम दिलेली नापसंती मात्र इतरांनी भरून काढली. म्हणजे नाहक निंदा लोक सावरून घेतात, फुकटच्या कौतुकात मात्र भरच घालतात. राजकारण, संस्कृती आणि उद्योग या विषयांत हा कल ठळक होता.

यावर उपाय आहे. रेडिटवर नियंत्रकांना सुरुवातीचे गुण काही काळ झाकता येतात. आम्हीही आता पहिला दिवस लेखकाचं नाव आणि पसंतीचा आकडा दोन्ही झाकतो.

तुमच्या गटातही हे करून पाहा. आणि अंगठा दाबण्याआधी मजकूर शेवटपर्यंत वाचा. लिहिणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.