आजी-आजोबा, नातवंडे आणि आपली शाळा



खेड्यातील मूल पुष्कळदा आईच्या नव्हे, तर आजीच्या हाताखालून शाळेत येते. अमडापूर व आसपासच्या गावांत पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत तरुण माणसे सकाळीच शेतावर जातात. मुलाला न्हाऊ घालणे, भाकर देणे, शाळेकडे पाठविणे ही कामे म्हाताऱ्या माणसांकडे राहतात. जिल्ह्यातील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. त्यांच्या मुलांपैकी जी गावी राहतात, त्यांची आजी हीच काही महिने आई आणि बाप असते. पालकसभेची सूचना मग द्यावयाची कोणास? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, ज्या व्यक्तीकडे मुलाचा सांभाळ व ताबा असतो तिला पालक मानले आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीनचतुर्थांश सभासद मातापिता वा पालक असले पाहिजेत. तेव्हा नातवाला सांभाळणारी आजी सभेच्या दाराशी उभी राहण्याचे कारण नाही. तिला आत बोलवावे व बसावयास जागा द्यावी.

या नात्यातून मुलाला काय मिळते, हे आपण वर्गात रोज पाहतो. आजी तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगते. एखादा प्रसंग तिच्याकडून मागेपुढे झाला, तर नातू तिला लगेच टोकतो. घटनांचा क्रम, कार्यकारण, ऐकून ध्यानात ठेवणे, हे वाचनाच्या आधीचे सारे शिक्षण येथे होऊन जाते. तिची वऱ्हाडी बोली मुलाच्या तोंडी असते म्हणून पहिलीत त्याला हसू नये. त्या बोलीतूनच त्याला पुस्तकी भाषेकडे न्यावयाचे आहे. तिफण, वखर, डवरा यांची नावे व उपयोग आजोबांना पाठ असतात. पावसाची नक्षत्रे मृगापासून ते ओळीने सांगतील. ‘सोळा आणे खरे’ असे ते म्हणतात, त्याचा अर्थ मुलांना विचारावा आणि १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत, हे गणिताच्या तासाला सांगावे. जात्यावरच्या ओव्या तर अशाच आजीकडून नातीकडे आल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून त्या लाखाच्या संख्येने गोळा करविल्या; त्यांतील बहुतेक गाणाऱ्या स्त्रियांना लिहिता येत नव्हते.

देण्याघेण्याचा हा ओघ उलटही वाहू शकतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या सुमारे तीस स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन, घरची कामे उरकल्यावर दुपारी दोन तास शिकत. शिकविणारी गावचीच एक सून होती. घरी अक्षरे गिरवून घेण्याचे काम नातवंडांकडे आले. अंगठ्याच्या जागी सही करता यावी, एवढीच कित्येकींची इच्छा होती; ती पुरी झाली. गणवेश नसता तरी चालले असते, असे कोणी म्हणेल. परंतु उतारवयात शाळेत जाण्याची लाज त्या लुगड्यानेच मोडली, असे मला वाटते.

या नात्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आजी आजारी पडली की घरी राहते ती नात. नातू शाळेत येतो. हजेरीपटावर पाचवी-सहावीतील मुलगी सलग तीन-चार दिवस गैरहजर दिसली, तर त्याच आठवड्यात घरी जाऊन यावे. कुटुंबास दोष देऊ नये. सेवेची पाळी घरातील इतरांत कशी वाटता येईल, हे म्हाताऱ्या माणसाच्या देखतच बोलावे. माझा अनुभव असा की, नातीची शाळा बुडू नये असे पुष्कळ आज्यांनाच वाटते. फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आखण्यात आला आहे. त्याच्या याद्या करताना घरातील शाळकरी नातवंडाचे नाव व इयत्ताही शेजारी टिपून ठेवावी. मूल आजीला शिकवू लागले की ते प्रथम मास्तरांचा आवाज काढते, रागावते. तेव्हा तिचा हात धरून न लिहिविता आपण आधी लिहून दाखवावे, इतकेच त्यास शिकवावे. प्रारंभ बाराखडीपासून नको, तिच्या स्वतःच्या नावापासून करावा. आणि प्रगतिपुस्तकावर सहीसाठी ती आली असता शाईची पेटी लगेच पुढे सरकवू नये. पाच-दहा मिनिटे लागतील. तोवर नातवाला तिच्याजवळ बसू द्यावे.