चिपसेटचे अतितापन

मदरबोर्डावरील चिपसेट निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे तापणे यास चिपसेटचे अतितापन म्हणतात. यूएसबी, साटा, नेटवर्क आणि काही एसएसडी यांची प्रोसेसरशी होणारी माहितीची देवाणघेवाण चिपसेटमार्फत चालते. त्यामुळे तो फार तापल्यास यूएसबी उपकरणे मध्येच बंद पडणे, डिस्क दिसेनाशी होणे, संगणक गोठणे असे दोष उद्भवतात. घरी जुळवलेल्या संगणकात अशा वेळी रॅम किंवा प्रोसेसरवर संशय घेऊन विनाकारण खर्च होण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

पूर्वी चिपसेटमध्ये नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन चिप असत. मेमरी नियंत्रक नॉर्थब्रिजमध्ये असल्याने तीच अधिक तापे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ या, तर इंटेलने २००८ मध्ये नेहालेम या प्रोसेसरांत हा नियंत्रक समाविष्ट केला आणि पुढे नॉर्थब्रिज लोप पावली. २०१९ मध्ये एएमडीचा एक्स५७० आल्यावर प्रश्न पुन्हा पुढे आला. पीसीआय एक्सप्रेस ४.० मुळे त्याची उष्णता सुमारे ११ वॅटवर गेली आणि बहुतेक मदरबोर्डांवर चिपसेटसाठी छोटा पंखा बसवावा लागला. हा पंखा बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या खाली येतो, म्हणजे नेमका गरम हवेत.

खोलीच्या तापमानाचा परिणाम

हीटसिंक चिपसेटला सभोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. कामाचा भार तोच असेल, तर दोहोंतील फरक जवळजवळ कायम राहतो. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत ६० अंश दाखवणारा चिपसेट ३८ अंशांच्या खोलीत ७३ अंशांच्या आसपास जाईल. दापोडीसारख्या पुणे परिसरातील वस्तीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीजवळ पोहोचतो. पत्र्याच्या छपराखालील खोलीत त्याहूनही अधिक उकाडा असतो. म्हणून थंड हवेच्या देशातील वापरकर्त्यांच्या आकड्यांशी येथील आकडा ताडून पाहणे फसवे ठरते. ६० ते ७५ अंश हे तापमान बहुतेक आधुनिक चिपसेटना धोक्याचे नसते. हाताला मात्र ते चटका देणारे असल्याने स्पर्शावरून अंदाज बांधू नये; बायोसमधील किंवा तापमान दाखवणाऱ्या आज्ञावलीतील आकडा पाहावा.

उपाय

प्रथम कॅबिनेटचे झाकण काढून तापमान पाहावे. ते बरेच उतरले, तर दोष हवेच्या वहनाचा असतो. अशा वेळी पुढून हवा आत घेणारा पंखा लावणे आणि कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवणे बहुधा पुरते. धूळ काढताना वीजजोडणी तोडावी आणि छोटा पंखा बोटाने धरून ठेवावा, अन्यथा हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो. पंख्याची घरघर हे त्याचे बेअरिंग झिजल्याचे लक्षण असू शकते. जुन्या बोर्डावरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलता येते. पेस्टऐवजी पॅड असल्यास नवा पॅड त्याच जाडीचा हवा. पातळ पॅडमुळे हीटसिंक चिपला टेकत नाही. हीटसिंकचे स्क्रू अनेकदा बोर्डाच्या मागील बाजूस असतात आणि ते काढल्याने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे हा उपाय शेवटी करावा.