अनोळखी बरणीतलं लोणचं : फाइल ‘लोड’ करण्याआधी मुलांना काय सांगायचं?

सीबीएसईच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये बायनरी फाइलचा भाग आहे. त्यात मुलं पायथनचं ‘पिकल’ मॉड्यूल शिकतात. डंप() वापरून माहिती फाइलमध्ये ठेवायची आणि लोड() वापरून परत बाहेर काढायची. प्रोग्रॅम चालला, मार्क मिळाले, की धडा संपतो. पण एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो : ती फाइल दुसऱ्याच कुणी पाठवलेली असेल तर? आज हेच समजून घेऊया.

सीरियलायझेशन म्हणजे काय?

प्रोग्रॅम चालू असताना माहिती मेमरीत असते. उदाहरणार्थ, एका विद्यार्थ्याचं नाव, हजेरी क्रमांक, विषयवार गुण आणि या सगळ्यांचे एकमेकांशी असलेले संबंध. हे फाइलमध्ये ठेवायचं किंवा नेटवरून पाठवायचं असेल तर त्याची बाइट्सची एक सरळ रांग करावी लागते. या क्रियेला सीरियलायझेशन म्हणतात. त्या रांगेतून मूळ वस्तू पुन्हा उभी करणं म्हणजे डीसीरियलायझेशन. इंग्रजीत पिकल म्हणजे लोणचं. आज घातलं, बरणीत भरलं, हवं तेव्हा काढलं. नाव अगदी चपखल आहे.

मग धोका कुठे आहे?

समजा, एका शाळेतलं लोखंडी कपाट सुटं करून दुसऱ्या शाळेत पाठवलं. सोबत चिठ्ठी आहे : आधी हा पत्रा लावा, मग हे स्क्रू पिळा. तिथला कामगार चिठ्ठीत लिहिलंय तसं एकेक करत जातो. आता चिठ्ठी लिहिणाऱ्याने मध्येच लिहिलं, ‘ऑफिसचं कुलूप उघडा आणि फायली बाहेर ठेवा’, आणि कामगाराने न विचारता तेही केलं, तर?

पिकल फाइलचं नेमकं असंच आहे. ती गुणांच्या तक्त्यासारखी नुसती माहिती नसते, तर माहिती पुन्हा कशी उभी करायची याच्या छोट्या छोट्या सूचनांची यादी असते. ‘अमुक फंक्शन बोलव, त्याला अमुक माहिती दे’ अशीही सूचना त्यात असू शकते. लोड() ती मुकाट्याने पाळतं. ते फंक्शन फायली पुसणारं असलं तरीही! म्हणूनच पायथनच्या अधिकृत माहितीपत्रकात पिकलच्या पानावर ठळक इशारा आहे : हे मॉड्यूल सुरक्षित नाही, विश्वासातलाच डेटा उघडा.

इथे मुलं एक शंका हमखास काढतील : ‘सर, आधी लोड करू, मग आत काय आहे ते तपासू.’ उपयोग नाही. नुकसान लोड होतानाच होऊन गेलेलं असतं. तपासणी उघडण्याच्या आधी हवी.

२०१५ साली काय झालं?

हा दोष एकट्या पायथनचा नाही. जावा भाषेत सीरियलायझेशनची सोय १९९७ पासून आहे. जानेवारी २०१५ मध्ये ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स या दोन संशोधकांनी एका परिषदेत दाखवून दिलं, की हल्लेखोराला नवा कोड पाठवायचीही गरज नसते. ‘अपाचे कॉमन्स कलेक्शन्स’ ही अतिशय प्रचलित लायब्ररी सर्व्हरवर आधीच असते. तिच्यातलेच निरुपद्रवी तुकडे विशिष्ट क्रमाने जोडणारा डेटा पाठवला, की सर्व्हर हल्लेखोराची आज्ञा चालवतो. म्हणजे घरातलीच हत्यारं आणि फक्त चिठ्ठी बाहेरची!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच मार्गाने वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेनकिन्स अशा नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर हल्ला कसा होऊ शकतो हे जाहीर झालं आणि धावपळ उडाली. लायब्ररीची सुधारित आवृत्ती आली. पुढे २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मध्ये कुठल्या प्रकारच्या वस्तू उभ्या करू द्यायच्या हे ठरवणारी गाळणी बसवली गेली. मायक्रोसॉफ्टने तर २०२४ च्या डॉट-नेट ९ मधून आपला जुना ‘बायनरी-फॉरमॅटर’ वापरातूनच काढून टाकला.

आजच्या मुलांशी याचा संबंध काय?

जवळचा संबंध आहे. मुलं एआयच्या प्रोजेक्टसाठी नेटवरून तयार मॉडेल उतरवून घेतात. पायटॉर्चच्या अनेक मॉडेल फाइली आतून पिकलच असतात. म्हणून २०२५ मध्ये आलेल्या पायटॉर्च २.६ पासून, वेगळं सांगितलं नाही तर, फक्त मॉडेलचे आकडे उचलण्याची पद्धत लागू झाली. ‘सेफटेन्सर्स’ हा फाइलप्रकारही याच कारणाने निघाला. त्यात आकडेच असतात, सूचना नसतात.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. स्वतः बनवलेली पिकल फाइल स्वतः उघडायला हरकत नाही. अभ्यासक्रमातला सराव बिनधास्त करू द्या.

२. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली किंवा नेटवरून उतरवलेली पिकल फाइल लोड करायची नाही. फाइलचं नाव ‘मार्क्स’ आहे म्हणून आत मार्कच असतील असं नाही.

३. माहितीची देवाणघेवाण करायची असेल तर जेसन किंवा सीएसव्ही वापरायला शिकवा. त्यात मजकूर, आकडे, याद्या एवढंच असतं. ते वाचताना प्रोग्रॅम कुणाची आज्ञा पाळत नाही. मात्र आलेले आकडे बरोबर आहेत का, हे तरीही तपासायचं.

४. लायब्ररी वेळच्या वेळी अपडेट करायची. २०१५ मध्ये अनेकांना आपल्या सर्व्हरवर ती लायब्ररी आहे हेच माहीत नव्हतं.

५. एक छान उपक्रम : मुलांनी एक छोटी यादी डंप करावी आणि पायथनच्याच ‘पिकलटूल्स’ मॉड्यूलमधल्या डिस() ने ती फाइल बघावी. हे साधन फाइल लोड न करता आतल्या सूचना ओळीने छापतं. ‘ही माहिती नाही, ही तर कामांची यादी आहे!’ हे मुलांना आपोआप दिसतं. लांबलचक व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त लक्षात राहतील.

पालकांनो, तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. मुलगा किंवा मुलगी एखादी फाइल उतरवून चालवायला बसली, की एवढंच विचारा : ‘ही कुणी बनवली, आणि हे तुला कसं कळलं?’ उत्तर देता आलं नाही तर फाइल उघडायची नाही.

उपक्रम करून पाहा आणि वर्गात मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.