चक्की कुणाची?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्यातल्या बऱ्याच चक्क्यांत पैसा आला तो घसाऱ्यावरची करसवलत हवी असलेल्या बाहेरच्या गुंतवणूकदारांचा. वारा पठाराचा, उत्पन्न दुसरीकडे. याहून वेगळं काही होऊ शकतं का, हे पाहायचं तर डेन्मार्कमधल्या साम्सो बेटाकडे पाहावं.

बेटाची वस्ती जेमतेम चार हजार. शेतकऱ्यांचं बेट, तिथले कोवळे बटाटे देशभर नावाजलेले. पूर्वी घरं उबदार ठेवायला तेल बोटीनं यायचं आणि वीज समुद्राखालच्या केबलनं. १९९७ साली डेन्मार्क सरकारनं बेटांची स्पर्धा लावली. केवळ अपारंपरिक ऊर्जेवर चालण्याचा सर्वांत पटणारा आराखडा मागवला. साम्सोचा आराखडा निवडला गेला, पण माणसं अजून राजी व्हायची होती. सोरेन हर्मनसेन यांनी त्यासाठी बैठकांमागून बैठका घेतल्या. ते त्याच बेटावरच्या शेतकरी घरातले, पेशानं शिक्षक. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचं कुणी इतकं ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

खरी गोम मालकीत होती. २००० साली जमिनीवर एकेक मेगावॉटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या ९ शेतकऱ्यांच्या, २ रहिवाशांनी भाग घेऊन उभारलेल्या. बेटाची विजेची गरज त्यांनीच भागली. २००३ मध्ये समुद्रात आणखी १० फिरू लागल्या. त्यातल्या ५ नगरपालिकेच्या. गाड्या आणि फेरीबोटी तेलावरच चालत होत्या, त्या धुराची भरपाई व्हावी म्हणून या जादा चक्क्या. घरांच्या उबेची सोय शेतातल्या पेंढ्यानं झाली. तो जाळून पाणी तापवायचं आणि नळांनी घरोघर फिरवायचं. जो पेंढा शेतात पडून राहायचा, त्याचे शेतकऱ्याला पैसे मिळू लागले.

पुढे डेन्मार्कनं कायदाच केला. २००९ पासून २०२० पर्यंत जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्यांमधले किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करणं बंधनकारक होतं.

भाग घेऊन कारखाना उभारणं आपल्याला नवं नाही. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी १९५० मध्येच ते करून दाखवलं. आज सौर प्रकल्पांसाठी गावोगावची गायरानं मागितली जात आहेत. तुमच्या गावाचं गायरान मागायला कुणी आलं, तर ग्रामसभेत उठून विचारा: भाडं ठीक आहे, गावाला भाग किती देणार?