वेगळेपण म्हणजे आजार नव्हे

सोनारी, परंडा, भूम या भागातील घरांमध्ये स्त्रीच्या बहुतेक दुखण्यांना एकच नाव असते, 'पिशवीचा त्रास'. तपासणीनंतर 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' एवढे वाक्य कानी पडते आणि घरावर चिंतेचे सावट येते. सासूबाईंना सांगावे की पतीला, या विवंचनेत आपली भगिनी मनातल्या मनात कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून या वाक्याचा अर्थ आधी समजून घ्यावयास हवा.

गर्भाशयाचा खालचा, सुमारे 3 ते 4 सेंटिमीटर लांबीचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याचे रूप सर्व स्त्रियांमध्ये सारखे नसते आणि एकाच स्त्रीमध्येही ते आयुष्यभर तसेच राहत नाही. पहिल्या बाळंतपणापूर्वी त्याचे छिद्र बारीक व गोल असते. नैसर्गिक प्रसूतीनंतर ते आडव्या चिरेसारखे दिसते. रजोनिवृत्तीनंतर हे मुख आक्रसते व फिकट होते. गर्भाशय मागे झुकलेले असणे तर सुमारे पाचांपैकी एका स्त्रीत आढळते.

ज्याला 'जखम' म्हटले जाते, ती पुष्कळदा केवळ लाली असते. गर्भाशयमुखाच्या आतील नळीचे अस्तर नाजूक व लालसर असते. वयात येताना, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते थोडे बाहेरच्या बाजूस दिसू लागते. तेथे त्वचा फाटलेली नसते आणि त्रास नसल्यास बहुधा उपचारही लागत नाहीत. ग्रंथीचे तोंड बंद होऊन आत स्राव साचला, की पिवळसर-पांढरे दाणे दिसतात. तेही सहसा निरुपद्रवीच.

मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहून निरोगी वेगळेपण व रोग यांतील भेद दर वेळी कळत नाही. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. 1999 मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास आरंभला. एका गटात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून पाहण्यात आले. तपासलेल्या शंभरांतील सुमारे 14 स्त्रियांत संशयास्पद पांढरेपणा दिसला. पण पुढील तपासणीत कर्करोगापूर्वीचे गंभीर बदल शंभरांत एकीपेक्षाही कमी स्त्रियांत निघाले. नव्याने तयार होणारे निरोगी अस्तरही त्या आम्लाने पांढरे दिसू शकते. म्हणून संशय म्हणजे निदान नव्हे.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. चाचणी न दिलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. अकारण भिऊ नये, हे जितके खरे, तितकेच तिशीनंतर तपासणी टाळू नये, हेही खरे.

भीतीची किंमत मोठी असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील प्रत्येकीचे कारण वेगळे असेल. पण 'पुढे कर्करोग होईल' हे भय अनेकींना दाखवले गेले होते.

आपण व्यापारी माणसे. मालाची पावती वाचल्यावाचून पैसे देत नाही. मग अहवाल पाहिल्यावाचून शस्त्रक्रियेला होकार का द्यावा? 'जखम' सांगितली, तर ती लाली आहे का, पॅप किंवा एचपीव्ही चाचणी झाली का, तुकडा तपासण्याची गरज आहे का, हे विचारावे. शंका राहिल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. मात्र संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर एक दिवसही दवडू नये.

आणि पुरुषवर्गास एक विनंती. तपासणीच्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून सोबत जावे. मनातले भय बोलून दाखवायला घरात जागा मिळाली, की ते निम्मे ओसरते.