स्त्रियांचे काळे जॅकेट : आधी रंग पारखा, मग खांदा पाहा

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे होऊन गेली. भिवंडीत सुटिंग-शर्टिंगचे आमचे दुकान आहे. इतक्या वर्षांचा तजुर्बा असा की, दिसायला सर्वांत सोपा रंग काळा आणि सर्वांत जास्त फसवणारा रंगही काळाच. लाल किंवा निळ्या कापडात फर्क असला तर गिऱ्हाईक दुकानातच बोलते. काळ्यातला फर्क घरी गेल्यावर, पहिल्या धुण्यात नाहीतर पहिल्या पावसात कळतो.

हे आम्ही दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या चुकीवरून सांगत आहोत. आमच्या भाचीला वकिलीची सनद मिळाली तेव्हा तिच्या कोटाचे कापड आम्ही दिले. घरची मुलगी म्हणून पैसे घेतले नाहीत, पण तागा काढला तो रॅकच्या तळाशी पडून राहिलेला, हलक्या दराचा. महिना जुलैचा. रिक्षातून कोर्टात पोहोचेपर्यंत ती भिजली. दुपारी पाहते तर पांढऱ्या कॉलरवर आणि बँडवर काळे ओघळ आलेले. संध्याकाळी तिने तो कोट आमच्या गल्ल्याशेजारी ठेवला आणि इतकेच विचारले, "मामू, हे कापड तुम्ही गिऱ्हाइकाला दिले असते का?" आम्ही गप्प बसलो. कारण दिलेले होते.

हा कोट हौसेचा नाही

जॅकेट म्हणा, कोट म्हणा किंवा मुली म्हणतात तसे ब्लेझर म्हणा, आज हे कपडे घेणाऱ्या बहुतेक मुली कामाला निघालेल्या असतात. कोणी मुलाखतीला जाते, कोणी बँकेत, कोणी हॉटेलच्या काउंटरवर. वकील स्त्रीला तर त्याशिवाय चालतच नाही.

या कोटामागे मोठी वाटचाल आहे. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण आपल्याकडे स्त्रियांच्या वकिलीतली कायद्याची आडकाठी दूर झाली ती १९२३ च्या कायद्याने. पुढे १९८९ मध्ये न्यायमूर्ती फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. बार कौन्सिलच्या नियमांत स्त्री वकिलांना पूर्ण बाह्यांचे काळे जॅकेट किंवा काळा कोट, पांढरे बँड, आणि साडी, सलवार-कुर्ता, चुडीदार वा पारंपरिक पोशाख यांची मुभा आहे. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र कोटाची सक्ती नाही. म्हणजे बाकीचे महिने, पावसाळ्यासकट, हा कोट अंगावर राहणार. तो टिकला पाहिजे.

काळा रंग कसा पारखावा

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. फिक्या रंगात एखादा लॉट डागी निघाला की तो फेकून देत नाहीत, पुन्हा काळ्यात रंगवतात. काळ्याखाली सर्व डाग झाकतात. असे प्रत्येक काळे कापड वाईट नसते, पण स्वस्त काळ्या ताग्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पारख अशी करावी. पहिले, तागा दुकानाच्या दारात, उजेडात न्यावा. ट्यूबलाइटखाली सगळेच काळे सारखे दिसतात. उन्हात कोणाला लालसर, कोणाला हिरवट, कोणाला निळसर झाक निघते. दुसरे, पांढरा सुती रुमाल ओला करून कापडावर दहा-पंधरा वेळा दाबून घासावा. रुमाल काळा झाला तर ते कापड सोडून द्यावे. तिसरे, शक्य असेल तर चार बोटे तुकडा मागून घ्यावा, त्याला पांढरा सुती तुकडा टाचावा आणि दोन्ही साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी उत्तर मिळते. तुकडा द्यायला जो दुकानदार कुरकुर करतो, त्याला आपल्या मालाची खात्री नाही असे समजावे.

कापड कोणते

आपल्या हवेला पॉलिस्टर-व्हिस्कोसचे सुटिंग बरे. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के व्हिस्कोस हे नेहमीचे प्रमाण. राजस्थानात भिलवाड्याला असा माल मोठ्या प्रमाणावर निघतो. यात एक अडचण असते. पॉलिस्टर एका रंगाने आणि व्हिस्कोस दुसऱ्या रंगाने रंगते. व्हिस्कोसचा रंग कच्चा राहिला तर धुण्यागणिक तेवढेच धागे फिके पडतात आणि कोट राखाडी दिसू लागतो. ऐपत असेल तर टेरीवूल घ्यावे, पडते छान आणि सुरकुती लवकर निघते. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त पडते, पण घाम धरून ठेवते आणि इस्त्रीने चकाकते. निव्वळ सुती काळे आरामाचे, पण चुरगळते आणि लवकर विटते.

वजन दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास पुरे. मुठीत घट्ट दाबून अर्ध्या मिनिटाने सोडावे. घडी तशीच राहिली तर संध्याकाळपर्यंत कोटाचीही तीच गत होणार. ५८ इंच पन्ह्याचे साधारण पावणेदोन ते दोन मीटर कापड लागते. सलवारही काळी हवी असेल तर त्याच ताग्यातून फाडून घ्यावी. दोन ताग्यांचे काळे सहसा जुळत नाही आणि उन्हात तो फर्क उघडा पडतो.

खांदा, काज आणि खिसा

तयार जॅकेट घेताना पुष्कळ मुलींच्या हाती पुरुषांचे लहान मापच दिले जाते. त्यात खांदे सैल आणि छाती-कंबर तंग अशी स्थिती होते. ओळखायची खूण सोपी आहे. बायकांच्या जॅकेटचा उजवा पल्ला वर येतो, पुरुषांचा डावा.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत असावी. दोन्ही हात समोर करून फाइल उचलल्यासारखे करावे, मग एक हात बसच्या दांडीला धरल्यासारखा वर न्यावा. पाठीत ओढ बसली तर माप चुकले. कॉलरचा पल्ला चिमटीत धरून पाहावा. आतले फ्यूजिंग हलक्या प्रतीचे असेल तर दोन-चार धुण्यांत त्याला फुगे येतात. अस्तर पूर्ण असावे आणि बाहीत गुळगुळीत असावे. एक आतला खिसा सांगून घ्यावा. शोभेचे खोटे खिसे लावून देण्याची सवय आमच्या धंद्याने सोडली पाहिजे.

कशावर कसे शोभते

कुर्त्यावर आखूड जॅकेट घातले की अंगाचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसतात. कुर्त्यावर घालायचे असेल तर मांडीच्या मध्यापर्यंत लांब आणि बाजूला काप असलेले शिवून घ्यावे. साडीवर मात्र कमरेच्या थोडे खाली येणारे बरे, पदर आतून बारीक घड्यांनी घ्यावा. डोक्यावर ओढणी घेणाऱ्या मुलींनी मलमल किंवा व्हॉइलची पातळ ओढणी कॉलरच्या आत खोचावी. साटीन घसरते. त्यासाठी दर्जीला कॉलर किंचित सैल ठेवायला आधीच सांगावे. कोर्टात पांढरे किंवा राखाडी घालावे. कार्यालयात बाटली हिरवा, मरून, मोहरी रंग काळ्याजवळ उठून दिसतात. चमकदार बटणे टाळावीत, जॅकेट जास्त ठिकाणी चालते.

इस्त्री करताना वर सुती फडके ठेवावे. धुतले तर उलटे करून सावलीत वाळवावे.

आमच्या व्यापारी भावांसाठी

तो तागा आम्ही त्याच रात्री विक्रीतून काढला. ज्यांच्या पावत्या सापडल्या त्यांना निरोप पाठवले. दोघीजणी आल्या, त्यांना पैसे परत केले. बाकीच्या आल्या नाहीत आणि दुसऱ्या कापडासाठीही पुन्हा कधी आल्या नाहीत. ताग्यावर काही शेकडा रुपये वाचले होते. गिऱ्हाइके किती गेली ते वहीत कोठेच लिहिलेले नाही.

तेव्हापासून आमच्या गल्ल्यावर एक पांढरा रुमाल आणि पाण्याची वाटी ठेवलेली असते. काळे मागणाऱ्या मुलीपुढे आम्ही ती स्वतः सरकवतो. भाचीचा दुसरा कोट त्याच परीक्षेतून गेला. यंदा त्याचा चौथा पावसाळा आहे.