जुन्या ट्रकला इलेक्ट्रिक फॅन बसवावा का? घाट चढण्याआधी हे गणित समजून घ्या

मालवणहून मासळी भरून बेळगावकडे निघालेला जुना ट्रक कुडाळ, सावंतवाडीपर्यंत बिनतक्रार जातो. दाणोली मागे पडते, आंबोली घाट सुरू होतो, गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. मग वळणावर बाजूला घेतलेली गाडी, रेडिएटरमधून निघणारी वाफ आणि कॅन घेऊन पाणी शोधणारा क्लीनर. मागे हौद्यात बर्फ वितळतच असतो.

अशा वेळी गाडीमालकांच्या डोक्यात एक उपाय येतो. इंजिनवर फिरणारा जुना पंखा काढायचा आणि मोटारीसारखे इलेक्ट्रिक फॅन बसवायचे. इंजिनवरचा भार कमी, डिझेलची बचत आणि गाडीही थंड. ऐकायला छान वाटतं. पण उत्तर तुमची गाडी कुठे चालते यावर अवलंबून आहे. सपाट रस्त्यावर फायदा होऊ शकतो. घाटात तापणाऱ्या गाडीवर मात्र हा इलाज नव्हे.

मूळ पंखा काम कसा करतो?

जुन्या ट्रकमध्ये रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्याच ताकदीवर, बहुतेक वेळा बेल्टवर फिरतो. इंजिनचा वेग वाढला की त्याचाही वाढतो. यात एक तोटा आहे. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट लागते. महामार्गावर समोरून आपसूक हवा येत असते, तरीही पंखा ही ताकद खातच राहतो.

म्हणून पुढे व्हिस्कस फॅन आले. त्यांच्या मधल्या भागात सिलिकॉन ऑइल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की हे ऑइल पंख्याला इंजिनशी घट्ट जोडतं. हवा थंड असेल तेव्हा पंखा सैल राहून हळू फिरतो.

मोटारींमध्ये इलेक्ट्रिक फॅन सर्रास दिसतात, त्यामागे एक साधं कारण आहे. बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवं असतं. त्याचं फिरणारं टोक रेडिएटरकडे नसतंच, त्यामुळे पंखा बेल्टवर फिरवणं अवघड होतं. ट्रकमध्ये ही अडचण नाही.

घाटात किती उष्णता बाहेर टाकावी लागते?

एक ढोबळ हिशेब करू. मालासकट १० टनांचा ट्रक ३० मिनिटांत ६०० मीटर उंची चढतो असं धरा. फक्त वजन वर उचलायला सरासरी ३३ किलोवॅट ताकद लागते. डिझेल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, जवळपास तेवढाच कूलंटमध्ये उष्णता म्हणून उतरतो आणि उरलेला मुख्यतः धुरावाटे निघून जातो. म्हणजे रेडिएटरलाही साधारण ३३ किलोवॅट उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. घरातले २ किलोवॅटचे १६ गीझर अर्धा तास एकदम सुरू ठेवण्यासारखंच हे आहे.

रेडिएटरमधून जाताना हवा २५ अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास हवा खेचावी लागेल. गाडी ताशी २० किलोमीटरने चढत असते, त्यामुळे समोरून येणाऱ्या हवेचा फारसा उपयोग नाही. सगळी मदार पंख्यावर.

इथेच फसगत होते. इलेक्ट्रिक फॅनच्या खोक्यावर लिहिलेली हवेची क्षमता अनेकदा मोकळ्या हवेत मोजलेली असते. समोर धुळीने भरलेला जाड रेडिएटर आला की ती बरीच घटते. बेल्टवरचा पंखा मात्र खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत असताना, म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी, जोरात हवा खेचतो.

आजही मोठ्या ट्रकचे उत्पादक मुख्यतः इंजिनवरचाच पंखा वापरतात. नव्या गाड्यांत फक्त तो किती घट्ट जोडायचा हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. मागे इंजिन असलेल्या काही बसमध्ये इलेक्ट्रिक फॅन असतात, पण त्यांच्यासाठी मोठा अल्टरनेटर मुळातच बसवलेला असतो.

वीज कुठून आणणार?

१२ व्होल्टच्या दोन दमदार फॅनना प्रत्येकी २५ अँपिअर धरले तर ५० अँपिअर होतात. रात्री पावसात हेडलाइट, टेललाइट, वायपर मिळून आणखी १५ ते २० अँपिअर लागतात. म्हणजे एकूण ७० अँपिअरपर्यंत. अनेक जुन्या गाड्यांचे अल्टरनेटर यापेक्षा बरेच लहान असतात. कमी पडलेली वीज बॅटरीतून जाते. बॅटरी उतरली की फॅन मंदावतात, दिवे मिणमिणतात आणि घाट अजून अर्धा बाकी असतो.

तुमच्या अल्टरनेटरवरचा आकडा वाचल्याशिवाय फॅनची ऑर्डर देऊ नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते, त्यांना फॅनही २४ व्होल्टचेच लागतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा फॅन चालवला तर ती बॅटरी आधी उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते.

डिझेल किती वाचेल?

समजा सपाट रस्त्यावर सरासरी दीड किलोवॅट ताकद वाचली. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि त्यातली एक तृतीयांश कामी येते. या हिशेबाने तासाला जेमतेम अर्धा लिटर वाचतो. यातून फॅनसाठी लागणाऱ्या विजेचा खर्च वजा करा. गाडीला आधीच चांगला व्हिस्कस फॅन असेल तर बचत आणखी कमी. कणकवली ते पणजी अशा महामार्गावरच्या फेऱ्यांना हे परवडू शकतं. करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट रोज चढणाऱ्या गाडीला कठीण आहे.

मग गाडी तापते कशामुळे?

बऱ्याचदा कारण पंखा नसतोच. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या गंजून झडतात. चिरेखाणीच्या रस्त्यावरची तांबडी धूळ पट्ट्यांमध्ये बसते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलं असेल तर आतल्या नळ्यांत क्षार साचतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एवढं तपासा:

• रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात.

• रेडिएटरचं झाकण बघा. ०.९ बारच्या चांगल्या झाकणामुळे आतलं साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर फाटलेलं असेल तर ते १०० अंशांनाच उकळतं. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका.

• थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला असेल तर पुन्हा बसवा. काही इंजिनांत तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं.

• बेल्टचा ताण, वॉटर पंप आणि काउल तपासा. काउल म्हणजे पंखा आणि रेडिएटरमधलं आवरण. ते तुटलं की पंखा इंजिनकडची गरम हवाच पुन्हा फिरवत बसतो.

• साध्या पाण्याऐवजी उत्पादकाने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये, सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरा.

तरीही बसवायचाच असेल तर?

फॅन रेडिएटरच्या मागे, हवा खेचणारा आणि पूर्ण काउलसह हवा. तो पट्ट्यांमधून प्लास्टिकचे टाय ओवून बांधू नका, थरथरीने रेडिएटर फुटतो. प्रत्येक फॅनला स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज आणि किमान ६ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घ्या. बारीक वायर आणि सैल जोड म्हणजे आगीला निमंत्रण. किनाऱ्यावर जोड वॉटरप्रूफच हवेत, कारण मासळीच्या गाडीतून गळणारं पाणीही खारं असतं.

फॅन सुरू करणारा तापमानाचा स्विच थर्मोस्टॅट उघडतो त्यापेक्षा वरच्या तापमानाचा निवडा, नाहीतर फॅन कायम फिरत राहील. केबिनमध्ये हाताने सुरू करायचं बटण आणि फॅन बंद पडल्यास पेटणारा दिवा ठेवा. बेल्ट तुटला तर निदान आवाज होतो. उडालेला फ्यूज मात्र काटा लाल पट्ट्यात गेल्यावरच कळतो.

आणखी एक गोष्ट. जुना पंखा अनेकदा वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेला असतो. पंखा काढला तरी बेल्ट काढायचा नाही, कारण पंप त्याच्यावरच चालतो.

कागदपत्रांचं काय?

आरसीवर पंख्याचा उल्लेख नसतो. पण ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असते आणि तिथे लोंबकळणारी वायरिंग चालत नाही. गाडीला आग लागली तर विम्याच्या दाव्यात या बदलाची चौकशी होऊ शकते. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन प्रश्न विचारा. माझा अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे? हा फॅन रेडिएटर लावून किती हवा खेचतो? फॅन घाटात बंद पडला तर मला कसं कळेल? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर जुना पंखा राहू द्या आणि त्याच पैशांत रेडिएटर खोलून साफ करून घ्या. हेड गॅस्केट जाऊन इंजिन उघडण्यापेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.